पाहणाऱ्याचे दायित्व : क्षेत्रीय संशोधनातील एका प्रश्नाविषयी

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत लोकसाहित्य, बोलींचा अभ्यास आणि साहित्याचे समाजशास्त्र यांना स्थान मिळाल्यापासून सामाजिक शास्त्रांतील काही संशोधनपद्धती आपल्या विभागांतही रुळल्या आहेत. क्षेत्रीय अभ्यास, सहभागी निरीक्षण, मुक्त मुलाखत, जीवनकथनांचे संकलन हे शब्द पीएच.डी.च्या प्रबंधांत पहिल्या प्रकरणात हमखास भेटतात. ‘संशोधनपद्धती’ या उपशीर्षकाखाली त्यांना दीड-दोन पाने दिली जातात आणि पुढच्या तीनशे पानांत त्यांचा पुन्हा उल्लेख येत नाही. जुन्या ग्रंथांतील मंगलाचरणासारखे त्यांचे स्थान झाले आहे. नमन केले की कर्तव्य संपले. या पद्धतींच्या पोटात सामाजिक शास्त्रज्ञांना सतत अस्वस्थ करणारा जो वाद आहे, तो मात्र आपण उसना घेतलेला नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्या वादातील एका प्रश्नाकडे आहे. वरवर पाहता तो ज्ञानमीमांसेचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो मुळात नीतिमीमांसेचा आहे.

गुणात्मक संशोधनाची भूमिका थोडक्यात अशी सांगता येईल : माणसांच्या वर्तनाला त्यांनी स्वतः दिलेला अर्थ असतो, तो अर्थ मोजणीने हाती लागत नाही, त्यासाठी संशोधकाने त्या माणसांत जाऊन राहावे, पाहावे, ऐकावे, आणि आपण तेथे आहोत याचीही नोंद ठेवावी. साहित्याच्या अभ्यासकाला ही भूमिका परकी वाटत नाही. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी ‘द इंटरप्रिटेशन ऑफ कल्चर्स’मध्ये (१९७३) संस्कृतीकडे वाचावयाची संहिता म्हणून पाहण्याची दृष्टी मांडली, तेव्हापासून तर आपल्याला ती फारच जवळची वाटू लागली. गाव ही संहिता, जत्रा ही संहिता, लग्नाची पंगत ही संहिता. वाचनाची सवय आपल्याला आहेच. परंतु या रूपकात एक गोष्ट निसटते. संहिता वाचणाऱ्याकडे पाहत नाही. ‘एकच प्याला’ दहाव्यांदा वाचून झाल्यावरही सिंधू आपल्याला काही विचारीत नाही. माणूस मात्र विचारतो, आणि त्याने विचारले म्हणजे वाचनाचे रूपक तेथेच थांबते.

हा प्रश्न मी सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या आधारे मांडणार आहे. दोन जिल्हे म्हणायचे ते आजच्या नकाशानुसार. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंध, फलटण, जत, सांगली अशी संस्थाने या मुलखात विखुरलेली होती, आणि माणदेशाचा दुष्काळी पट्टा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. पाहणारे आणि पाहिले गेलेले यांचे संबंध तपासायला हा प्रदेश सोयीचा आहे, कारण येथे दोन्ही बाजूंनी लिहिले गेले.

प्रारंभ इरावती कर्वे यांच्यापासून करणे भाग आहे. त्यांची शास्त्रीय जडणघडण मोजमापाची. बर्लिनमध्ये युजेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर त्यांनी प्रबंध लिहिला. पुढे डेक्कन कॉलेजात असताना महाराष्ट्रातील अनेक जातींची शारीरिक मोजमापे त्यांनी घेतली. १९६५ साली जे. एस. रणदिवे यांच्यासह त्यांनी फलटण हे वाढते शहर आणि त्याचा भोवताल यांच्या सामाजिक गतिशीलतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. याच फलटणवरून दर आषाढवारीत ज्ञानेश्वरांची पालखी जाते. नीरा ओलांडून ती सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत सोलापूर जिल्ह्यात उतरते. इरावतीबाई या पालखीबरोबर चालल्या होत्या. त्या चालण्यावरचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ (१९४९) या त्यांच्या संग्रहात आहे. १९६२ साली त्याचे इंग्रजी रूप ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले आणि परदेशी विद्यापीठांत ते आजही वाचले जाते.

या लेखातील महाराष्ट्राची व्याख्या सर्वांना पाठ आहे. पंढरीच्या वाटेवर ती त्यांना सुचली आणि नंतर अनेकांच्या भाषणांना उपयोगी पडली. मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा प्रसंग. दिंडी एक, अभंग तेच, पायांखालची वाट तीच. पण ब्राह्मणांची पंगत निराळी आणि मराठ्यांची निराळी. इरावतीबाईंना ते सलत होते. त्यांनी मराठा बायकांच्या पंगतीत बसून जेवण घेतले, आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या, हातात हात घालून चालू लागल्या, आपापली सुखदुःखे सांगू लागल्या. सहभागी निरीक्षणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात याला यश म्हटले जाईल; विश्वास संपादन झाला, माहिती मिळू लागली. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असे त्या बायका म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले की, तेथेही तुम्ही आमच्याशी असेच वागाल का? इरावतीबाई सांगतात की हा साधा प्रश्न त्यांना फार खोल लागला. त्याचे समर्थनात्मक उत्तर त्यांनी दिलेले नाही, आणि हा त्या लेखाचा मोठेपणा आहे.

या प्रश्नाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. तुम्ही आमच्याविषयी खरे लिहाल का, असे त्या मुलीने विचारले नाही. संशोधनाच्या वैधतेविषयी आपण जे काही शिकवतो, म्हणजे अनेक साधनांनी पडताळा घ्या, पूर्वग्रह नोंदवा, माहितीदाराला निष्कर्ष दाखवा, ते सगळे याच न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. तिने वर्तनाविषयी विचारले, आणि तेही भविष्यकाळात. वारीच्या वाटेवर समता ही काही दिवसांची असते, हे तिला ठाऊक होते. वारी संपली की घरी परतायचे, आणि घरोघरचे उंबरे वेगवेगळे. संशोधकही असाच काही दिवसांचा वारकरी असतो. क्षेत्रात असतानाचे त्याचे वागणे ही पद्धत असते. ती पद्धत आहे की तो स्वतः आहे, एवढेच त्या मुलीला जाणून घ्यायचे होते. निरीक्षणाला येथे काळाचे परिमाण मिळते. मिळालेले ज्ञान खरे असेलही; पण ते ज्या सलगीतून मिळाले ती खरी होती की नाही, हे ज्ञान मिळाल्यानंतरच ठरते.

एका बाबीकडे आपल्यासारख्यांचे लक्ष जायला हवे. हा प्रश्न नोंदवला गेला तो ललित लेखात. शहराच्या गतिशीलतेवरील शास्त्रीय ग्रंथाच्या सारण्यांत अशा प्रश्नाला रकाना नसतो. तो लिहिणाऱ्याचा दोष नव्हे. त्या लेखनप्रकाराची ती मर्यादा आहे. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ साली, छापली गेली तेव्हा मानवशास्त्रात खळबळ उडाली, कारण सहभागी निरीक्षणाच्या या आद्य आचार्याला ज्यांच्यात तो राहत होता त्या लोकांचा किती वैताग येत होता हे तीत उघड झाले. तेथे शास्त्र एका पुस्तकात आणि माणूस दुसऱ्या, लपविलेल्या वहीत अशी वाटणी झाली होती. इरावतीबाईंनी आपली वही लपवली नाही. मराठी लघुनिबंधाच्या परंपरेने त्यांना ती सोय करून दिली होती, असे म्हणता येईल. आपण ललित गद्याची चर्चा करताना शैली आणि आत्मनिष्ठा यांवर थांबतो. त्याच्या या ज्ञानव्यवहाराकडे फारसे पाहत नाही.

माणदेशात आले की हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात हे दोघेही आजच्या आटपाडी तालुक्यातले, दोघांचेही बालपण औंध संस्थानातले, वयात सहा वर्षांचे अंतर. एकाच्या नावावर ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५), दुसऱ्याच्या नावावर ‘तराळ-अंतराळ’ (१९८१). एकच मुलूख दोन ठिकाणांहून कसा दिसतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे नसावे.

‘बनगरवाडी’चा निवेदक असलेला मास्तर हा सहभागी निरीक्षकच आहे, फक्त त्याला ते माहीत नाही. धनगरांच्या वाडीत तो परका म्हणून येतो, शाळा चालवतो, कागद वाचून दाखवतो, पैसे पोचवतो, तालीम बांधण्याचा उद्योग मनावर घेतो. लोक त्याला जितके वापरतात तितकाच तो त्यांना पाहतो. या कादंबरीचे कौतुक करताना समीक्षकांनी तिच्या अलिप्त, नितळ दृष्टीवर भर दिला आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. अंजीच्या चोळीचे प्रकरण आठवावे. मास्तर तिचे एक छोटे काम करतो. त्यातून बोलवा उठते, आणि ज्या कारभाऱ्याच्या आधारावर तो वाडीत उभा आहे त्याच्याशीच तेढ येते. पाहणारा माणूस वाडीत आला की वाडी पूर्वीची राहत नाही, हे कोणत्याही पद्धतिशास्त्राच्या ग्रंथाआधी माडगूळकरांनी एका खणाच्या निमित्ताने दाखवले आहे. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे जगायला बाहेर पडतात, मास्तरही निघतो. मात्र त्याचे निघणे आणि त्यांचे निघणे एक नव्हे. त्याची बदली होऊ शकते.

खरातांच्या आत्मकथनात विहिरीत पडलेल्या प्रेताचा प्रसंग आहे. ते बाहेर काढण्याचे काम महारकीच्या पाळीने लेखकाच्या वडिलांवर येते. पोलिसाचा हुकूम वरून सुटतो, बाप विहिरीत उतरतो आणि मुलगा काठावरून पाहतो. याला निरीक्षण म्हणायचे काय? तपशिलाची अचूकता, वर्तनाची नोंद, सत्तासंबंधांचे भान, सगळे त्यात आहे. नाही ते एवढेच : पाहायला जाण्याचा निर्णय आणि पाहून परत येण्याची मुभा. त्या मुलाला पुणे नव्हते. तेथेही असेच वागाल का, हा प्रश्न त्याला विचारण्याची गरज कोणाला पडली नसती.

येथून एक सोपा निष्कर्ष काढला जातो आणि तो दलित आत्मकथनांच्या चर्चेत वारंवार ऐकू येतो : आतल्या माणसाचे लेखन प्रामाणिक, बाहेरच्याचे उपरे. हे विधान मला अर्धवट वाटते. फलटण परिसरातील कैकाडी कुटुंबात वाढलेल्या लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ (१९८०) हेच नाव दिले. जातीबाहेर लग्न केल्यामुळे ते स्वजातीतही उपरे ठरले होते. शिकलेला, लिहिता झालेला माणूस आपल्याच लोकांच्या बाबतीत काही अंशी संशोधक होतो. त्याच्याजवळही परत जाण्याचे एक पुणे तयार होते. ‘बलुतं’ आल्यावर आपल्या घरातले असे चव्हाट्यावर का मांडलेस, ही तक्रार दया पवारांना आपल्याच माणसांकडून ऐकावी लागली. ती केवळ प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनेतून आली होती असे म्हणून आपण मोकळे झालो. तीत त्या वारकरी मुलीच्या प्रश्नाचा अंश होता, असे आज मला वाटते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण गेल ऑम्वेट यांचे. ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी त्या अमेरिकेतून महाराष्ट्रात आल्या, येथील चळवळींत मिसळल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या; वाळवा तालुक्यातील कासेगाव हे त्यांचे घर झाले आणि २०२१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी परत जाण्याचे ठिकाणच मिटवून टाकले. हे उत्तर थोर आहे. पण ते पद्धत म्हणून सांगता येत नाही. विद्यार्थ्याला आपण आटपाडीत जन्मभर राहा असे सांगू शकत नाही. ज्याला परत यायचेच आहे त्याचे दायित्व काय, हा प्रश्न उरतोच.

तो मला पुस्तकांतून पडला असे म्हटले तर खोटे होईल. २००२ साली एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी मी खटाव तालुक्यातील एका गावात जात्यावरच्या ओव्या गोळा करीत होते. एका आजींकडे चार-पाच वेळा गेले. चौथ्या खेपेला त्यांनी एक ओवी म्हटली आणि मध्येच थांबून, टेपकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही माझी न्हाई, माझ्या लेकीची हाय. ही तुझ्या वहीत नगं.” मी टेप बंद केला. मग त्यांनी लेकीविषयी सांगितले. ती सासरी कशी गेली, म्हणजे कशी मेली, हे सांगितले. त्या रात्री मुक्कामावर आल्यावर मी ती ओवी आणि ती हकिकत आठवून टिपणवहीत उतरवून काढली. क्षेत्रटिपणे त्याच रात्री लिहावीत, असे आम्हांला शिकवले होते. पुढे ओवी तिसऱ्या प्रकरणात ‘सासुरवास’ या वर्गाखाली उदाहरण म्हणून आली. आजींचे नाव मी बदलले, गावाचे नाव दिले नाही. मौखिकीत या भागाचे विशेष कौतुक झाले.

सतरा वर्षांनी माझ्या एम.ए.च्या वर्गात एक विद्यार्थी आला. प्रकल्पासाठी त्याने ग्रंथालयातून माझा लघुप्रबंध काढला आणि तिसऱ्या प्रकरणात त्याला आपली आजी भेटली. नाव बदललेले होते. पण बोलण्याची लकब, घराची मांडणी, जात्याजवळची खिडकी त्याच्या ओळखीची होती. आत्या तापाने गेली असे त्याला घरात सांगण्यात आले होते. ती कशी गेली हे त्याने माझ्या पुस्तकात वाचले. तो रागावला नव्हता. त्याने मला एवढेच विचारले, “मॅडम, आजीनं हे तुम्हांला लिहायला सांगितलं होतं का?”

नाव बदलण्याच्या संकेताविषयी त्या दिवसापासून माझा भ्रम राहिलेला नाही. टोपणनावाने माणूस परक्यांपासून लपतो, आणि परक्यांना तर त्याच्याशी काही कर्तव्यच नसते. ज्यांच्यापासून लपणे त्याला गरजेचे असते ते त्याला दोन ओळींत ओळखतात. उलट वर्णन जितके सघन, जितके गुणात्मक, तितकी ओळख सोपी. म्हणजे ज्या गुणासाठी परीक्षकांनी माझी पाठ थोपटली त्याच गुणाने तो विश्वासघात पुरा झाला. आता संमतिपत्रे आली आहेत, नीतिसमित्या आल्या आहेत. ते योग्यच आहे. परंतु आजींनी मला अंगठा दिला असता तरी तो ओव्यांच्या संग्रहासाठी दिला असता. या एका ओवीविषयी त्यांनी वेगळे सांगितले होते, आणि ते कोणत्याही छापील नमुन्यात बसले नसते.

मग निकष कोणता? ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यासमोर वाचून दाखवता येईल तेवढेच लिहावे, असे मी काही वर्षे विद्यार्थ्यांना सांगत होते. हा निकष टिकत नाही. तो पाळला तर खरातांनी त्या पोलिसाविषयी लिहू नये. पंगती वेगळ्या बसतात हेही इरावतीबाईंनी लिहू नये, कारण वेगळे बसणाऱ्यांना ते आवडले नसते. सत्तेच्या उघड कृत्यांना अशी सवलत देणे म्हणजे गावगाड्याची भलामण करणे होय. तेव्हा भेद करावा लागतो. त्या पोलिसाने मुलाच्या स्वाधीन काही केले नव्हते. त्याचा हुकूम चारचौघांत सुटला होता. पंगत उघड्यावर बसली होती. आजींनी मात्र मला काही दिले होते, आणि देताना ते कोणासाठी नाही हेही सांगितले होते. जे दिसले आणि जे दिले गेले, यांत फरक आहे. दिसलेल्याविषयी संशोधकाचे उत्तरदायित्व सत्याशी असते. दिलेल्याविषयी ते देणाऱ्याशीही असते, आणि तेथे सत्याचा हवाला पुरत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मीच स्वतःवर घेतला आहे. ओवी लेकीची होती. ती दाबण्याचा अधिकार आईला होता काय? तिच्या मृत्यूविषयी गप्प बसण्यात ज्यांनी तिला त्या टोकाला नेले त्यांचीच सोय होती. स्त्रियांचा दडपलेला आवाज नोंदवणे हे आपल्या अभ्यासाचे प्रयोजन असेल, तर आजींचे म्हणणे भीतीतून आलेले मानून ते ओलांडणेच न्याय्य नव्हते काय? असा युक्तिवाद कोणी प्रामाणिकपणे करू शकेल. मला तो करता येत नाही. मी ती ओवी साक्ष म्हणून छापली नव्हती. त्या मुलीसाठी न्याय मागण्याचा विचारही मला शिवला नव्हता. मला ‘सासुरवास’ या वर्गात एक चांगले उदाहरण कमी पडत होते.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्या विद्यार्थ्याला विचारले. आता तो स्वतः शिकवतो. गावाचे नाव देऊ नका आणि ओवी देऊ नका, या दोन अटींवर तो हो म्हणाला. नंतर त्याने आजीचा आवाज ऐकायला मागितला. ध्वनिफिती माझ्याजवळ होत्या, टेप मात्र एका सहकाऱ्याकडून आणावा लागला. आम्ही दोघांनी ऐकले. राम-सीतेच्या ओव्या, भावाच्या ओव्या, पंढरीच्या ओव्या, मध्ये कोंबड्यांचा आवाज. चौथ्या फितीच्या शेवटी आजींचे ते वाक्य आहे, स्पष्ट. टेप मी त्यानंतर बंद केला होता. त्याने फीत मागे घेऊन ते पुन्हा ऐकले. ग्रंथालयातील प्रतीत ते पान अजून आहे. मान्य झालेल्या प्रबंधात फेरफार करण्याची तरतूद नाही, असे मला सांगण्यात आले. माझ्या प्रतीतले पान मी काढून ध्वनिफितींबरोबर त्याला दिले.